शनिवार तेल्यांची पेटी

बाणकोटच्या किल्ल्यावर उभं राहिलं की पायाशी सावित्री समुद्राला मिळताना दिसते. पलीकडे हरिहरेश्वराचा डोंगर, खाडीत वेसवीहून बागमांडल्याला निघालेली फेरीबोट. इथे रत्नागिरी जिल्हा संपतो आणि रायगड सुरू होतो. १७५६ साली हा किल्ला इंग्रजांच्या हाती आला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असं नाव दिलं. व्हिक्टोरिया राणीचा जन्म त्यानंतर साठाहून अधिक वर्षांनी झाला, तेव्हा या नावाचा तिच्याशी संबंध नाही. पण ज्याला आपण व्हिक्टोरियन काळ म्हणतो, त्या काळातल्या एका विलक्षण गोष्टीचा एक धागा याच किनाऱ्यावर सापडतो.

१८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीने बाणकोटला आपलं ठाणं मांडलं. पहिला आलेला डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारला. मागून आलेल्यांनी नेट धरला, बाणकोट आणि हर्णै परिसरात मराठी शाळा काढल्या. १८२९ साली जॉन विल्सन नावाचा पंचविशीतला तरुण मुंबईत उतरला आणि मराठी शिकायला हर्णैला येऊन राहिला. मुंबईतल्या विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते हेच. समोर सुवर्णदुर्ग, बंदरात मासळीचा बाजार, आणि हा एडिंबरोत शिकलेला तरुण दिवसचे दिवस मराठीची रूपं घोकत बसलेला. पुढे तीन वर्षांतच, १८३२ साली, त्याने मुंबईत एक पुस्तक छापलं. ते हिब्रू भाषेचं प्राथमिक व्याकरण होतं, आणि लिहिलं होतं मराठीत.

मराठीतून हिब्रू शिकण्याची गरज कोणाला होती? या प्रश्नाचं उत्तर सावित्रीच्या पलीकडच्या गावांत होतं, आणि त्या गावांतल्या तेल्याच्या घाण्यांवर होतं.

त्या उत्तराकडे वळण्याआधी एका इंग्रजी कादंबरीबद्दल सांगतो, कारण तिच्यामुळेच मी या गोष्टीपाशी पोचलो. जॉर्ज एलियट हे मेरी ॲन इव्हान्स या बाईंचं टोपणनाव. त्यांची ‘डॅनियल डेरोंडा’ ही शेवटची कादंबरी १८७६ साली फेब्रुवारी ते सप्टेंबर अशी आठ भागांत निघाली. डेरोंडा हा सर ह्यूगो मॅलिंगर नावाच्या सरदाराच्या घरी वाढलेला तरुण. आईबाप कोण ते ठाऊक नाही. आपण सर ह्यूगोचेच अनौरस पुत्र असणार, हा संशय त्याला लहानपणापासून कुरतडतो. थेम्स नदीत जीव द्यायला निघालेल्या मायरा नावाच्या ज्यू मुलीला तो वाचवतो, तिच्या भावाच्या शोधात लंडनच्या ज्यू वस्तीत जातो, आणि तिथे क्षयाने खंगलेला मॉर्डेकाय त्याला भेटतो. हा मॉर्डेकायच पुढे मायराचा हरवलेला भाऊ ठरतो. तो डेरोंडाला आपला आध्यात्मिक वारस मानून बसतो. डेरोंडा म्हणतो, मी तुमच्यातला नाही. आणि मग जिनोआत त्याची आई त्याला भेटते. एके काळची मोठी गायिका. ज्यू घरातल्या बाईच्या वाट्याला येणाऱ्या जाचाला विटून तिने दोन वर्षांच्या मुलाला मुद्दाम इंग्रज म्हणून वाढवायला देऊन टाकलेलं असतं. आजोबांची कागदपत्रांची पेटी मात्र माइन्झला एका जुन्या स्नेह्याने जपून ठेवलेली असते. ती पेटी डेरोंडाच्या हाती येते आणि आपण कोण हे त्याला कळतं.

या कादंबरीचं पुढे जे झालं ते मला कादंबरीइतकंच बोलकं वाटतं. तिचे दोन पदर आहेत: एक डेरोंडाच्या ज्यूपणाचा, दुसरा ग्वेंडोलेन हार्लेथ या मानी इंग्रज तरुणीचा. १८९३ साली डेव्हिड फ्रिशमन यांनी तिचा हिब्रू अनुवाद केला तेव्हा इंग्रज भाग पुष्कळ छाटला. उलट, १९४८ साली एफ. आर. लीव्हिस या इंग्रज समीक्षकाने सुचवलं की ज्यू भाग बाजूला काढावा आणि ग्वेंडोलेनची कथा वेगळी छापावी. म्हणजे एकाला एक अर्धं नको, दुसऱ्याला दुसरं. एका माणसात दोन वारसे एकत्र नांदू शकतात हे दोघांनाही जड गेलं. कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाची गोष्ट मला या कात्रीच्या पार्श्वभूमीवर सांगायची आहे.

त्यांच्याकडे पेटी नव्हती. पोथी नव्हती, वंशावळ नव्हती, हिब्रू येत नव्हती. होती ती एक आठवण. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांची प्रेतं समुद्राने बाहेर टाकली. ती तिथेच पुरली, पुरुषांची एकीकडे आणि बायकांची एकीकडे. पुस्तकं, पोथ्या सगळं बुडालं. ही घटना कधीची? त्यांची परंपरा दोन हजार वर्षं मागे जाते. आपल्याकडे हनुक्का हा सण नव्हता, तेव्हा तो सण सुरू होण्याआधीच आपले पूर्वज निघाले असणार, असा तर्क त्यांच्यातल्या शिकलेल्यांनी पुढे लढवला. चिपळूणच्या परशुरामाची चित्पावनांबद्दलची कथाही समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या चौदा प्रेतांपाशी येऊन थांबते. एकाच किनाऱ्याने दोन समाजांना आपल्या उगमाची इतकी सारखी गोष्ट दिली आहे, हे कोकणातल्या माणसाने जरूर लक्षात घ्यावं.

वाचलेल्यांनी घाणा धरला. नारळाचं, तिळाचं तेल गाळून विकायचं. गावातले इतर तेली सोमवारी बैल सोडायचे, कारण तो शंकराचा वार. हे लोक शनिवारी घाण्याला हात लावत नसत. म्हणून त्यांचं नाव पडलं शनिवार तेली. आडनावं गावांवरून आली: रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर, आष्टमीचे अष्टमकर, किहीमचे केहीमकर. बायका लुगडं नेसत, बोली आसपासच्या गावची. विधवेचा पुनर्विवाह होत नसे, कारण शेजारी होत नसे. नावंही इथल्या वळणाची झाली. सॅम्युएलचा सामाजी झाला, इझिकेलचा हसाजी.

तरी काही गोष्टी सुटल्या नाहीत. मुलाची आठव्या दिवशी सुंता. पर आणि खवले नसलेला मासा न खाणं. आणि ‘शेमा’ ही एक हिब्रू प्रार्थना. अर्थ कळत नव्हता, पण जन्मापासून मरणापर्यंतच्या प्रत्येक विधीत ती म्हणत. बाराव्या शतकाच्या अखेरीस मायमोनिडीस या थोर ज्यू धर्मपंडिताने एका पत्रात लिहून ठेवलं आहे की हिंदुस्थानातल्या ज्यूंना शास्त्र माहीत नाही, ते फक्त शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात. हे लिहिताना त्याच्या मनात नेमकं कोण होतं हे कागदावर नाही, पण वर्णन शनिवार तेल्यांना चपखल बसतं.

सणांची नावं तर पाहण्यासारखी आहेत. वर्षारंभाचा नव्याचा सण. त्यानंतरचा कडक उपासाचा दिवस म्हणजे दार फळणीचा सण: दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, बाहेरच्या कोणाशी बोलायचं नाही, शिवायचं नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, दानधर्माचा. हिब्रू पंचांगातल्या आव महिन्यात मांस वर्ज्य करून वालाचं बिरडं खायचं, तो बिरड्याचा सण. आणि अनाशी ढाकायचा सण. अनाशी म्हणजे आंबवणाचं मातीचं भांडं, कोरड्यासाला आंबटपणा आणणारं. वर्षातले आठ दिवस ते झाकून ठेवायचं, त्यातलं काही वापरायचं नाही. का? तर आजी तसं करायची म्हणून. आजीला विचारलं तर तिची आजी करायची म्हणून.

हे लोक ज्यू आहेत ही ओळख पहिल्यांदा पटवली ती कोचीकडच्या डेव्हिड राहाबी नावाच्या ज्यू माणसाने, असं त्यांची परंपरा सांगते. परंपरा त्याला कित्येक शतकं मागे नेऊन ठेवते. अभ्यासक त्याची सांगड अठराव्या शतकातल्या कोचीच्या राहाबी घराण्याशी घालतात. कथा अशी की त्याने शनिवार तेल्यांच्या एका घरातल्या बायकांपुढे मिसळलेली मासळी ठेवली. त्यांनी ती निवडायला घेतली: पर-खवल्याची एका बाजूला, बिनखवल्याची दुसऱ्या बाजूला. कोणी शिकवलं नव्हतं, हात आपोआप निवडत गेले. राहाबी म्हणाला, हे आपलेच लोक. मग त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घरांतल्या तिघांना धर्मविधी शिकवले आणि तेच या समाजाचे पहिले काजी झाले.

डेरोंडाची ओळख पेटीतल्या कागदांनी पटली. इथे ती पटली सुपात मासळी निवडणाऱ्या बायकांच्या हातांनी. ज्ञान बोटांत उरलं होतं. त्याची उपपत्ती हरवली होती.

मग इंग्रजांचं राज्य आलं आणि तेली फौजेत गेले. सामाजी हसाजी दिवेकर हे मुंबई फौजेतले अंमलदार. टिपूबरोबरच्या लढाईत कैद झाले. जात विचारली तेव्हा बेने इस्रायल असं उत्तर दिलं आणि ते नाव ऐकून टिपूच्या आईने त्यांना जीवदान देववलं, अशी कथा समाजात सांगतात. सुटून आल्यावर १७९६ साली त्यांनी मुंबईत आपल्या लोकांसाठी पहिलं सिनेगॉग बांधलं, ‘शाआर हारहामीम’, दयेचं द्वार. लोक त्याला मशीदच म्हणत. मस्जिद बंदरच्या नावाचा संबंधही याच्याशी जोडला जातो. सिनेगॉगसाठी तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी आणायला सामाजी कोचीला गेले आणि १७९७ साली तिथेच वारले.

मंदिर उभं राहिलं, पण त्यातला ग्रंथ वाचता येत नव्हता. विल्सनसारखे मिशनरी आले ते नेमके या क्षणी. त्यांचा हेतू लपलेला नव्हता. ज्यूंना जुना करार वाचायला शिकवला तर ते आपोआप नव्या करारापाशी येतील असा त्यांचा हिशेब होता. अमेरिकन मराठी मिशनने आणि स्कॉटिश मिशनने शाळा काढल्या, बेने इस्रायल मुलं तिथे बसली, मोठी होऊन तिथेच शिक्षक झाली. बायबलचे भाग मराठीत छापून येत राहिले आणि १८४७च्या सुमारास संपूर्ण मराठी बायबल तयार झालं.

हिशेब चुकला. बाटले फारच थोडे. पण बाकीच्यांचं काय झालं असेल, याची मी पुष्कळदा कल्पना करून पाहतो. अलिबागच्या नाहीतर रेवदंड्याच्या शाळेत एक मुलगा निर्गमाचं पुस्तक मराठीत वाचतो आहे. मिसर देशातून इस्राएल लोक घाईने निघाले, कणीक आंबायला वेळ नव्हता, म्हणून सात दिवस तुम्ही खमीर घरात ठेवू नका. त्याच्या डोळ्यांपुढे घरातलं झाकलेलं भांडं आलं असेल. अनाशी! आजी भांडं का झाकते हे आजीला ठाऊक नव्हतं, ते या छापील पानावर होतं. पुढे लेवीयाचं पुस्तक काढावं तर त्यात पर आणि खवले. सातव्या महिन्याचा दहावा दिवस, तो तर दार फळणीचा सण. बिरड्याचा सण ज्या सुमाराला येतो, त्याच सुमाराला जेरुसलेमचं मंदिर पडलेलं. हे धर्मांतर नव्हतं. घरात रोज चालणाऱ्या आचाराला त्याचा अर्थ परत मिळत होता, आणि तो मिळत होता मायबोलीतून.

म्हणून विल्सनच्या त्या व्याकरणाचं महत्त्व. बेने इस्रायलांनी मराठीचं बोट धरून हिब्रूत प्रवेश केला. १८४६ साली मुंबईत शिळाछापावर मराठी अनुवादासह हग्गदा निघाली; वल्हांडण म्हणजे मिसर देशातून सुटल्याचा सण, त्या रात्री घराघरांत वाचायचं हे पुस्तक. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हयात घालवून हिब्रू प्रार्थनापुस्तकं एकामागून एक मराठीत आणली. सामाजीचे नातू पुन्हा सॅम्युएल झाले, हसाजीचे इझिकेल. मात्र त्या नावांपुढचं गाव कोणी पुसलं नाही. अष्टमकर अष्टमकरच राहिले.

१८८० साली बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी कीर्तन सुरू केलं. पूर्वरंग, आख्यान, ओव्या, साक्या, दिंड्या. आणि कथानायक अब्राहाम, योसेफ, मोशे. मला या समाजाच्या साऱ्या करणीत ही सगळ्यांत धीट वाटते. नुकता कुठे आपला ग्रंथ हाती आलेला, आपण खरे ज्यू आहोत हे जगाला पटवायची घाई असलेला समाज सहज म्हणू शकला असता की आता हे हिंदूंचं सोडा. तसं म्हणणारे होतेही. तरी अष्टमकरांनी मोशेला चिपळ्यांच्या तालावर आणलं.

आणि पटवायची घाई होती, कारण न मानणारे जवळच होते. बगदादहून आलेले श्रीमंत ज्यू मुंबईत स्थिरावले, आणि १८३६ साली त्यांच्यातल्या प्रतिष्ठितांनी सरकारकडे अर्ज केला की कबरस्तानात आमच्या आणि या लोकांच्या जागेत भिंत घाला. दुसऱ्याची भिंत सलते तेव्हा आपल्या घरातलीही पाहिली पाहिजे: बेने इस्रायलांतही गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता, आणि काळ्यांशी रोटीबेटी होत नसे. मिश्र संबंधातून जन्मलेल्यांना काळे ठरवलं गेलं होतं. ज्याला त्याच्या रक्ताबद्दल विचारलं जात होतं, तोही आपल्या भावाला तेच विचारत होता. हे लपवून या समाजाचा इतिहास लिहिता येणार नाही, आणि हाईम सॅम्युएल केहीमकरांनी तो लपवला नाही.

केहीमकर या पिढीचे पुढारी. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ साली मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढली. पुढे ती सर एली कदूरी शाळा म्हणून नावारूपाला आली. ती उघडली तेव्हा लंडनमध्ये एलियट बाई ‘डेरोंडा’ लिहीत होत्या. हिब्रूचा अभ्यास करत होत्या, ज्यू म्हणजे फक्त सावकार नव्हे हे इंग्रज वाचकाला सांगण्यासाठी झटत होत्या. दोन्ही टोकांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नव्हतं. केहीमकरांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. अनाशी ढाकायच्या आणि दार फळणीच्या सणांबद्दल आज जे काही सांगता येतं, त्यातलं बरंचसं त्यांनी टिपून ठेवलं म्हणून. हस्तलिखित चाळीस वर्षं पडून राहिलं. ते १९३७ साली छापलं गेलं, तेही तेल अवीवमध्ये. पेटी नसलेल्या समाजाची पेटी त्यांनी स्वतः भरली, आणि ती उघडली गेली तेव्हा ते हयात नव्हते.

डेरोंडा कादंबरीच्या शेवटी लग्न करून पूर्वेकडे निघतो, आपल्या लोकांसाठी देश उभारायला. तो तिथे पोचल्यावर काय होतं हे एलियट बाईंनी लिहिलं नाही. बेने इस्रायलांच्या बाबतीत ते लिहिलं गेलं आहे. १९४८ नंतर हजारो कुटुंबं इस्रायलला गेली. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद इथे वसली. १९६२ साली तिथल्या प्रमुख धर्मपीठाने आदेश काढला की बेने इस्रायल व्यक्तीचं लग्न लावताना तिच्या आईची, आजीची आणि जमेल तितकं मागे जाऊन कुळाची चौकशी करावी. ज्यांचे कागद दोन हजार वर्षांपूर्वी नवगावच्या पाण्यात बुडाले होते, त्यांच्याकडे पुन्हा कागद मागितले गेले. लोक मोर्चे घेऊन निघाले, १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की हे सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि धर्मपीठाला आदेशातून त्यांचं नाव काढावं लागलं. २०१६ साली जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बेने इस्रायलांच्या रक्तात ज्यू आणि भारतीय, दोन्ही पूर्वजांच्या खुणा सापडल्या. अनाशी झाकणाऱ्या आज्यांना हे नव्याने सांगावं लागलं नसतं.

कोकणात आता त्यांची घरं मोजकी. अलिबागची इस्रायल आळी आहे, तिथलं १८४८चं सिनेगॉग आहे. तिकडे इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघतं. नवस फेडताना दोन्हीकडे मलिदा होतो: भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं, आणि एलियाहू हन्नाबी म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाने गाणं. जगातल्या इतर ज्यूंना हा विधी ठाऊक नाही. कोकणात नारळ आणि पोहे मिळतात म्हणून तो इथे असा झाला, आणि पोहे न होणाऱ्या देशातही तो तसाच राहिला.

१८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी हग्गदेत एक चित्र आहे. वल्हांडणासाठी बेखमीर भाकरी करण्याचं काम चाललं आहे. बायका जमिनीवर बसल्या आहेत, कोणी पीठ मळते आहे, कोणी लाटते आहे, कोणी भाजते आहे. त्या मिसर देशातून निघालेल्या इस्राएल लोकांच्या लेकी आहेत, आणि त्यांनी लुगडं नेसलं आहे.